वेंगुर्ल्याच्या जेटीवर तोंड कुठे करायचं

नलू,

परवा तुझं तेरावं झालं. मंदारने सगळं नीट केलं, तुझ्या मुलाला नावं ठेवायला जागा नाही. फक्त काळ्या वाटाण्यांची उसळ केटररची होती आणि तिच्यात खोबऱ्याचं वाटप नावालाच होतं. पहिला घास घेतला आणि माझी मान आपोआप उजवीकडे वळली. चौतीस वर्षं सोसायटीच्या प्रत्येक पंगतीत तू माझ्या उजव्या हाताला बसलीस आणि असलं काही पानात आलं की नुसती भुवई वर करायचीस. परवा उजवीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन होत्या. त्यांना उसळ आवडली होती.

जेवणं उरकल्यावर सेक्रेटरी देसाई तुझी वही घेऊन माझ्याकडे आले. जानेवारीच्या वेंगुर्ल्याच्या सहलीची वही. सोळा नावं तुझ्या अक्षरात, प्रत्येकापुढे बारीक टिपण. कोणाला खिडकी लागते, कोण मासे खात नाही, कोणाला दर दोन तासांनी बाथरूमला जावं लागतं. देसाई म्हणाले, "विजूताई, काही जण रद्द करा म्हणतायत. पण तुम्ही नेणार असाल तर सगळे तयार आहेत." मी म्हटलं, चार दिवस द्या.

आता तू म्हणशील, त्यात चार दिवस कसले. गाड्यांची वेळ मला पाठ आहे, राहायच्या घरवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, ड्रायव्हर मला मावशी म्हणतो. ते सगळं मी डोळे मिटून करीन. माझं अडलंय ते पहिल्या संध्याकाळी. तू सगळ्यांना बंदरावरच्या जेटीवर नेऊन समुद्राकडे पाठ करून उभं करायचीस, आणि मी एकटी समुद्राकडे तोंड करून. दर वर्षी. आता तुझ्या जागी मला उभं राहायचं असेल, तर मी तोंड कुठे करायचं? बाहेर कोणाला सांगितलं तर हसतील. परवापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, पण एकदा मला नीट मांडू दे. तू होतीस तेव्हा मधे मधे बोलायचीस.

मला गाव नव्हतं, इथून सगळं सुरू झालं. माझा जन्म मुलुंडचा, आईचं माहेर मरोळ, नोकरीही मरोळलाच. मे महिना आला की अर्धी बिल्डिंग कोकणात, उरलेली गुजरातेत, आणि मी गॅलरीत. लोक विचारायचे, "तुम्ही गावी नाही गेलात?" मी म्हणायची, "हेच गाव." तुला ते कधी पटलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालीस त्याच वर्षी तू गेटवर नोटीस लावलीस, सोसायटीची सहल, वेंगुर्लं, चार दिवस. आणि मला न विचारता यादीत पहिलं नाव माझं टाकलंस. मी भांडायला आले तर म्हणालीस, "तुका गाव दाखवतंय, भांडतंस कित्याक?" राग आला की, नाहीतर फार माया आली की तू मालवणीत घुसायचीस. कुठली वेळ कुठली ते समोरच्याने ओळखायचं.

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. मी पहाटे उठून सोलकढी केली होती, दोन मोठे थर्मास. चिपळूणच्या पुढे सगळ्यांना कागदी ग्लासातून वाटली. लोक मिटक्या मारत होते. तू एक घोट घेतलास आणि अख्ख्या डब्यासमोर म्हणालीस, "कोकमाचं आगळ मुलुंडच्या मार्केटमधलं ना? ही कढी नव्हे गो, गुलाबी पाणी." सगळे हसले. देसाई सगळ्यांत जास्त. मीही हसले. पण आतून अशी पेटले होते की कुडाळपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. तू तेव्हा खिडकीला नाक लावून बसली होतीस.

कुडाळहून गाडी केली आणि थेट बंदर. खोलीवर नाही, चहाला नाही. शहाबेन कळवळून म्हणाल्या, पाय धुऊन येते, तर तू म्हणालीस पाय कुठे पळून जात नाहीत, उजेड जाईल. जेटीच्या टोकाला सगळे पोचले. समोर सूर्य टेकायला आला होता, लोकांनी मोबाईल काढले. आणि तू शाळेतल्या बाईंसारखी टाळी वाजवलीस.

"हां, सगळ्यांनी समुद्राकडे पाठ करा."

"अहो, सूर्य बुडतोय," देसाई म्हणाले.

"तो उद्यापण बुडेल. बंदराचं गाव बंदरावरून बघतात. वळा."

वळले बिचारे. तू एकेक दाखवायला लागलीस. टेकडीवरचं दीपगृह. खाली कौलारू छपरं, माडांची रांग. आणि मधून आत जाणारा रस्ता. जुन्या काळी मुंबईची बोट कशी लांब खोल पाण्यात थांबायची, इथून माणसं मचव्यात बसून तिथवर कशी जायची, मचवा हलला की बायका कशा देवाचं नाव घ्यायच्या, पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की चार महिने मुंबई कशी परमुलखासारखी लांब जायची. लोक ऐकत होते. मी मात्र वळले नव्हते.

"विजू, वळ."

"नाही वळत. दिवसभर ट्रेनमध्ये बसून आले ती समुद्र बघायला. रस्ता मुलुंडलाही आहे."

"हे गाव आहे माझं."

"इथून गाव दिसतं तरी कुठे? गाव आत आहे, तूच म्हणालीस. इथून दिसतो तो रस्ता."

तू बाकीच्यांना म्हणालीस, "हिला सोडा, ती नाही ऐकायची." मुलुंडला परत आल्यावर आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी तू आगळाची बाटली माझ्या दाराबाहेर ठेवलीस, वेंगुर्ल्याहून आणलेलं. आत आली नाहीस. मी कढी करून वाटी तुझ्या दाराबाहेर ठेवली. तेवढ्यावर ते मिटलं, असं आपण दोघी धरून चाललो.

दुसऱ्या वर्षी मला वाटलं, तू पुन्हा वळ म्हणशील, आणि या खेपेला मी वळले असते. तू म्हणालीसच नाहीस. "सगळ्यांनी पाठ करा. विजूला राहू दे." तिसऱ्या वर्षीही तेच. पुढे तर नवीन येणाऱ्यांना जुने लोकच सांगायला लागले, त्यांचं वेगळं आहे, त्या समुद्राकडे बघतात. मला राग यायचा खरं सांगू का. वाटायचं, हिने मला वर्गाबाहेर उभं केलंय कायमचं. मग मीही हट्टाने अख्खा वेळ समुद्राकडेच बघायची. तुझं बोलणं पाठीमागून ऐकू यायचं.

बाकी चार दिवस तुझं सगळं झकास असायचं. डच वखारीचं तर मला तू वेडच लावलंस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं होतं, ह्या पडक्या भिंती बघायला आणलंस? झाडांची मुळं भिंतींत शिरलेली, छप्पर गायब, चिऱ्यांवर शेवाळ. तू म्हणालीस, वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हे, इथे माणसं राहायची. कुठल्या कुठून गलबतातून आलेली. डच आले, त्यांच्यानंतर आणखी कोण कोण आले, सावंतवाडीकरांचं राज्य, मग इंग्रज. माल चढला, उतरला, मालक बदलले. मग तू वरच्या एका खिडकीच्या भोकाकडे बोट दाखवून हमखास सांगायचीस, तिथे एक कारकून बसायचा आणि घरची आठवण काढत समुद्राकडे बघायचा.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारायची.

"सांगायला कशाला पाहिजे? एवढ्या लांब आलेला माणूस दुसरं काय करणार?"

"जमाखर्च लिहीत असेल. खिडकीकडे पाठ करून."

"तुझं तोंड आहे की अडकित्ता गं?"

हे भांडण आपलं दर वर्षी, त्याच भिंतीखाली. त्याचा निकाल लागायचाय अजून. मला आता वाटतं तो बघत असेल. तू जिवंत असतीस तर मात्र मी हे कबूल केलं नसतं.

आरवलीच्या वेतोबाला तू आम्हाला दुसऱ्या दिवशी न्यायचीस. लोक त्याला केवढाले चामड्याचे जोडे वाहतात, देव रात्रीचा गावाच्या शिवेवरून फिरतो आणि ते झिजतात, असं तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं, माप कोण घेतं? गाभाऱ्यासमोर तू मला चिमटा काढलास. आणि बाहेर आल्यावर चपलांच्या ढिगात स्वतःची सापडेना म्हणून अर्धा तास अनवाणी फिरलीस, ते मी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय. सागरेश्वरचा किनारा, नवाबागेतली होड्यांची गर्दी, बाजारातली कौलारू मंडई, खाजं, काजू, सगळं तू असं दाखवायचीस जसं काही काल रात्री स्वतः मांडून ठेवलंय. बाजारात एखादी म्हातारी तुला विचारायची, "कोणाची गो तू?" तू बापाचं नाव सांगायचीस. ती आठवायचा प्रयत्न करायची, मग म्हणायची, "आसात, आसात." तू खूश व्हायचीस. मला कळायचं की तिला काही आठवलेलं नाही.

एकच गोष्ट तू कधी दाखवली नाहीस. तुझं घर. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, काकांनी कधीच विकलं, तिथे आता लॉज आहे, काय दगड बघायचेत? मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. बाकी सगळीकडे नाक खुपसणारी मी, नेमकी तिथे गप्प बसले.

मग हे वर्ष आलं आणि तुझी तब्येत उतरत गेली. त्यावर मी लिहिणार नाही, तुला आवडायचं नाही. गेल्या महिन्यातली ती दुपार मात्र लिहिते. तुझ्या गॅलरीत बसलो होतो, समोर टॉवरचं काम चाललं होतं. मी चहा केला होता, तुला दोन घोटांच्या वर जात नव्हता. तू वहीत सोळावं नाव लिहिलंस, पेन मिटलंस आणि म्हणालीस, "विजू, जेटीवर मी सगळ्यांना उलटं का उभं करते, ते तू कधी विचारलं नाहीस."

"गाव बघायला. तूच सांगतेस ना."

"गाव कुठे दिसतं तिथून? पहिल्याच वर्षी बरोबर बोललीस तू."

मग तू सांगितलंस. आठ वर्षांची होतीस. घाटकोपरच्या काकांकडे शाळेसाठी पाठवत होते तुला. पावसाळ्याआधीची शेवटची बोट. काकांनी तुला मचव्यात बसवलं, आई धक्क्यावर राहिली. तुमच्या घरात म्हणायचे, जाणाऱ्या माणसाकडे दिसेनासं होईपर्यंत बघू नये, बघितलं तर ते परत येत नाही. म्हणून मचवा सुटला तशी तुझ्या आईने समुद्राकडे पाठ केली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"मी बघतेय, आत्ता वळेल, आत्ता वळेल," तू म्हणालीस. "हिरव्या लुगड्याची पाठ दिसायची, बस. मचवा बोटीला लागला तरी तशीच. मी परत यावं म्हणून गो. मी काय, आले परत. दिवाळीनंतर आले. पण ती पावसाळ्यातच गेली होती. बोटी बंद, तार आली तोवर सगळं होऊन गेलेलं."

मी कप जरा तुझ्याजवळ सरकवला.

"तिला तेव्हा काय दिसत होतं ते बघायला मी तिथे उभी राहते. रस्ता दिसतो. रिकामा. एकटीला बघवत नाही म्हणून तुम्हा सगळ्यांना उभं करते." मग तू माझ्या हातावर हात ठेवलास. तू असलं काही करणारी बाई नाहीस, म्हणून मी दचकले. "आणि तू एकटी तिकडे तोंड करून. पहिल्या वर्षी इतका राग आला तुझा. मग वाटलं, त्या मचव्यातल्या पोरीकडे कोणीतरी बघतंय. शेवटपर्यंत बघतंय. म्हणून पुढे कधी वळ म्हटलं नाही तुला."

नलू, त्यावर मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "चहा गार होतोय, पी." जन्मभर फटाफटा बोलणारी बाई, आणि वेळ आली तेव्हा तोंडातून चहा निघाला. तू हसलीस आणि तिसरा घोट घेतलास.

जे सांगायचं राहिलं ते आता सांगते. मी पहिल्या वर्षी वळले नाही ते समुद्रासाठी नाही. सोलकढीवरून रुसले होते. बास, एवढंच. गुलाबी पाणी म्हणालीस म्हणून तू सांगशील त्याच्या उलट करायचं, इतकी साधी गोष्ट होती. पुढची वर्षं तू मला बाजूला ठेवलंस म्हणून धुसफुसत उभी होते. तुझ्या मचव्याकडे मी एकदाही बघितलं नाही, मला तो माहीतच नव्हता. माझ्या रुसव्यातून तू एवढं मोठं काहीतरी करून घेतलंस आणि वर्षानुवर्षं जपलंस, आणि मी गॅलरीत बसून ते खोडून काढायला धजले नाही. बरं केलं की वाईट, मला कळत नाही. फसवलं असेन तर माफ कर. मला गाव दिलंस तू, आणि बदल्यात माझ्याकडून तुला मिळालं काय, तर फुगलेलं तोंड.

देसाईंना मी आज सकाळी हो म्हणून सांगितलं. जानेवारीत जातोय. पाय धुवायच्या आधी जेटी. सगळ्यांना मी टाळी वाजवून वळवीन, दीपगृह सांगेन, मचवे सांगेन, रस्ता दाखवीन. तुझ्या आईचं सांगणार नाही, ते तू मला सांगितलंस. आणि मी समुद्राकडेच बघणार. या वेळी कशाकडे बघायचं ते मला माहीत आहे. सोलकढीला आगळ तिथूनच घेईन, उगाच वरून टोमणा नको.

शेवटचं एक, तुला दिसलं नसेल म्हणून.

तुला नेलं त्या दिवशी आम्ही बायका गेटपर्यंत आलो. पांढरी गाडी निघाली तशी तुझी नणंद म्हणाली, चला आत, बघत राहू नये. सगळ्या वळल्या. शहाबेनने माझा हात धरला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. बघितलं तर माणूस परत येत नाही म्हणे, आणि तू तशीही येणार नव्हतीस. मी गेटच्या खांबाला धरून उभी राहिले. गाडी डेअरीवरून गेली, मेडिकलवरून गेली, मग सिग्नल लाल झाला आणि तिथे थांबली चांगली दोन मिनिटं. मागच्या काचेतून फुलं दिसत होती. सिग्नल सुटला, गाडी स्टेशनच्या रस्त्याला वळली. मागचा एक दिवा दिसत होता, तोही गेला.

तोपर्यंत मी बघत होते. आणि या वेळी मी रुसलेले नव्हते, नलू.